चारशे बारा पेशी

रेवती ढमढेरे खोलीत आली आणि तिनं मागे दार लावून घेतलं. पेशीवाचक यंत्राचा विभाग सांभाळणारी ही मुलगी एरवी दारातूनच काय ते सांगून निघून जायची. आज ती खुर्ची ओढून बसली, टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली की नमुना खराब झालाय, पुन्हा घ्यावा लागेल.

नमुना समोर बसलेल्या डॉ. केतकी कारखानीस यांच्या आईचा होता.

पुण्याबाहेर मुळशीच्या रस्त्यावर असलेल्या त्या कर्करोग संशोधन संस्थेत केतकीला एकवीस वर्षं झाली होती, त्यांतली शेवटची नऊ संचालक म्हणून. फुप्फुसाच्या कर्करोगात जनुकं कोणत्या क्रमानं बिघडत जातात, हे तिनं दाखवून दिलं होतं. कोणत्या रोग्याला कोणतं औषध द्यायचं हे ठरवताना डॉक्टर जो तक्ता उघडत, त्याला सगळेच 'कारखानीस तक्ता' म्हणत. आता पंचावन्नाव्या वर्षी तिच्या स्वतःच्या आईच्या उजव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ निघाली होती, आणि तो तक्ता ती स्वतःच्या घरासाठी उघडत होती.

आई, म्हणजे उज्ज्वला कारखानीस, एकोणऐंशी वर्षांची. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात एकटी राहायची आणि तसंच राहायचं तिनं ठरवलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा मोठा झटका आला होता. हृदयाची एक भिंत कायमची निकामी झाली, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले. पण वर्षभरात बाई रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर चालायला जाऊ लागल्या. हृदयाचे डॉक्टर याला नशीब म्हणाले होते. खोकला वाढला तेव्हा केतकी तिला जवळजवळ उचलूनच पुण्याला घेऊन आली.

पेशीवाचक म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. पूर्वी गाठीचा तुकडा तपासायचा, तर तो आधी कुटून एकजीव करावा लागे. वाटलेल्या चटणीची चव घेऊन तिच्यात काय पडलंय ते ओळखावं, तसा तो प्रकार होता. खोबरं, मिरची कळे; चिमूटभर जिरं हरवून जाई. पेशीवाचक चटणी वाटतच नसे. तो तुकड्यातली एकेक पेशी जागच्या जागी वाची, तिचा सगळा डीएनए नोंदवी आणि शेवटी एक नकाशा हाती देई. कोणती पेशी कुठे होती, तिला लागून कोण होतं, कोण बिघडलेलं आणि कोण धडधाकट, हे त्यावर दिसे.

रेवतीच्या नकाशात अकरा हजारांहून जास्त पेशी होत्या. त्यांतल्या तीनशे शहाऐंशी आईच्या नव्हत्या. हाताळताना कुणाच्या पेशी मिसळल्या तर लगेच कळावं, म्हणून संस्थेतल्या प्रत्येकाचा डीएनए यंत्राला माहीत असे. त्यानं नाव दिलं होतं ते केतकीचं.

यात केतकीला विशेष काही वाटलं नाही. नमुना घेताना ती आईचा हात धरून उभी होती. परक्याचा डीएनए सापडला की नमुना फेकायचा, हा तिच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम होता, आणि तो तिनंच घातलेला होता. तिनं नमुना फेकायला सांगितला. दुसरा घेतला गेला तेव्हा ती तीन दिवस बेंगळुरूला होती.

दुसऱ्या नमुन्यात परक्या पेशी चारशे बारा निघाल्या. त्याही केतकीच्याच.

ती नकाशासमोर बराच वेळ बसली. हातावरून, केसावरून पडलेली पेशी नमुन्याच्या वर तरंगत असते. या पेशी आत होत्या, शेजारच्या पेशींना घट्ट धरून. काही गाठीच्या कडेला रांगेनं होत्या, तर काही नव्या रक्तवाहिन्यांना लागून. त्या तिथेच राहिलेल्या, तिथेच वाढलेल्या होत्या.

याचं स्पष्टीकरण तिला माहीत होतं, कारण ते पाठ्यपुस्तकात होतं, दोन परिच्छेदांत. गर्भारपणात बाळाच्या काही पेशी नाळ ओलांडून आईच्या रक्तात जातात आणि क्वचित कुठल्या तरी अवयवात कायमच्या राहतात. मुलाचा अर्धा डीएनए आईचा असतो, अर्धा बापाचा. त्या बापाच्या अर्ध्यावरून त्या ओळखू येतात. संख्येनं इतक्या थोड्या, की त्यांचं कुणाला काही वाटत नसे. ते दोन परिच्छेद केतकीनं विद्यार्थ्यांना कधी वाचायलाही लावले नव्हते.

त्या दुपारी ती घरी जायला निघाली आणि चांदणी चौकातून चुकीच्या रस्त्याला लागली. मुंबईच्या दिशेनं बरंच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कुठे निघालो होतो हेच आपल्याला आठवत नाहीये.

आईवर उपचार करणारे डॉ. बोरवणकर मात्र खूश झाले. कर्करोगाच्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच असतात, म्हणून शरीराचे रक्षक त्यांना हात लावत नाहीत. अलीकडे रोग्याच्या रक्षक पेशी बाहेर काढून, त्यांना पेशीवरची एखादी खूण ओळखायला शिकवून परत आत सोडत. अडचण यायची ती खूण सापडण्याची. इथे ती आयतीच होती. केतकीला वडिलांकडून आलेली ती खूण आईच्या स्वतःच्या पेशींवर कुठेच नव्हती. आईच्या शरीरानं पंचावन्न वर्षं ती खूण बघून न बघितल्यासारखं का केलं, हे कुणाला माहीत नव्हतं. बोरवणकरांच्या मते या परक्या पेशीच गाठीला रक्तवाहिन्या उभारून देत होत्या. त्यांना मारलं की गाठ उपाशी मरणार. सहा आठवड्यांत सुरुवात करू म्हणाले. फक्त नव्या कायद्याप्रमाणे दोन सह्या लागतील. एक रोग्याची, आणि दुसरी त्या पेशी ज्या व्यक्तीच्या, तिची.

आईला कसं सांगायचं, याची केतकीनं मनाशी तयारी केली होती. आई बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. केतकीनं नाळेपासून सुरुवात केली, खुणेपर्यंत आली. आईनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली,

"म्हणजे तू माझ्या छातीत आहेस."

"मी नाही गं. माझ्या पेशी. म्हणजे माझा डीएनए असलेल्या पेशी."

"मग त्या कुणाच्या? तुझ्या की माझ्या?"

केतकी तीस वर्षं व्याख्यानं देत आली होती; त्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या तिच्या होत्या, पण तिच्या अंगात कधीच नव्हत्या. आईच्या रक्तावर पोसल्या होत्या, आणि आईच्या नव्हत्या.

"आणि त्यांना मारलं तर तुला काही होईल?" आईनं विचारलं.

"मला काय होणार? काही होणार नाही."

"तुला कसं माहीत? गेल्या महिन्यापर्यंत त्या आहेत हेच तुला माहीत नव्हतं."

पुढचे चार दिवस आईनं तोच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेनं विचारला. केतकीनं आकृत्या काढून दाखवल्या. आई आकृती नीट बघायची, मान हलवायची आणि सही करायला नकार द्यायची.

खरी गोष्ट अशी, की केतकीचीही सही होत नव्हती. फॉर्म तिच्या टेबलावर पडून होता. त्याच्याकडे बघताना तिला एक नाव सारखं आठवत होतं. ते नाव तिनं अठरा वर्षांत उच्चारलं नव्हतं.

संग्राम साळोखे हा तिच्या प्रयोगशाळेतला सर्वांत चिवट संशोधक. पेशीवाचक येण्याच्या कितीतरी आधी त्यानं वेगवेगळे कर्करोग झालेल्या बासष्ट स्त्रियांच्या गाठींतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हातानं वेगळ्या केल्या होत्या. त्यांतल्या चौदा स्त्रियांच्या गाठींत त्याला पुरुषाच्या पेशी सापडल्या. या त्यांच्या मुलग्यांच्या असाव्यात, असं त्यानं लिहिलं. केतकी म्हणाली की त्या साळोखेच्या स्वतःच्याच आहेत, हात नीट झाकले नसतील. माझा डीएनए ताडून बघा, असं त्यानं सांगितलं. ताडायला पाठवलाही होता. पण केतकीनं विभागप्रमुख म्हणून नियतकालिकाला पत्र लिहिलं, की नमुने दूषित आहेत आणि लेख मागे घेत आहोत. साळोखेची मुदत वाढवली गेली नाही. त्यानंतर कुठल्याच प्रयोगशाळेनं त्याला घेतलं नाही.

त्या तपासणीचा अहवाल नंतर आला, आणि डीएनए साळोखेचा नव्हता, हेही केतकीला आठवत होतं. पण तोवर पत्र गेलेलं होतं. असं तिला आठवत होतं.

तो गडहिंग्लजच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, हे रेवतीनं शोधून काढलं. केतकी न कळवता गेली. प्रयोगशाळेत वीस-पंचवीस मुली कांद्याच्या पातीचे पापुद्रे काचपट्टीवर पसरत होत्या. साळोखेनं तिला दारात बघितलं, ओळखलं, आणि तास संपेपर्यंत बाहेर बाकावर बसायला सांगितलं. तो आता शेहेचाळीसचा होता, केस बरेच गेले होते. पूर्वी ती त्याला अरे-तुरे करायची. बाकावर बसून ती विचार करत होती की आता काय म्हणायचं.

"तुम्ही नकाशा आणलाय का?" बाहेर येताच त्यानं विचारलं. ती का आली असेल, हे त्यानं बहुधा तासभरात ताडलं होतं.

कर्मचाऱ्यांच्या खोलीत तो पाऊण तास टॅबलेट समोर धरून बसला. पेशी एकेक करून मोठी करून बघत होता. केतकीला वाटलं, हा माणूस अठरा वर्षं हा नकाशा मनातल्या मनात काढत असणार. मग त्यानं बोरवणकरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि आईची जुनी दुखणी विचारली; केतकीनं हृदयाच्या झटक्याचंही सांगितलं.

"असू शकेल. पण याच पेशी गाठीला अडवून धरत असतील, असंही असू शकेल," तो म्हणाला. "कडेला दोन्ही कामं चालतात. तुम्ही हृदय बघितलं का, मॅडम?"

कुणीच बघितलं नव्हतं.

त्यानं सांगितलं की त्या चौदा जणींना तो दरवर्षी एकदा फोन करतो. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. सुरू केलेलं काम अर्धवट राहिलं म्हणून. नऊ जणी अजून आहेत, पाच गेल्या. ज्या आहेत त्यांतल्या तिघींनी इतर मोठी दुखणीही पचवली. केतकी पुढे सरसावली, तेव्हा त्यानं हात वर केला.

"चौदाच्या आकड्यानं काही सिद्ध होत नाही. तुमच्याकडूनच शिकलोय."

निघताना तिला राहवलं नाही. तिनं सांगितलं, की तो अहवाल एक दिवस जरी आधी आला असता तर तिनं पत्र पाठवलं नसतं.

"एक दिवस आधीच आला होता, मॅडम," साळोखे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "प्रत मलाही आली होती."

दुसऱ्या दिवशी केतकीनं जुने ईमेल उघडले. पत्र चौदा मार्चचं होतं. अहवाल तेरा मार्चला दुपारी आला होता आणि दहा मिनिटांनी उघडला गेला होता. उत्तर दिलेलं नव्हतं. तिनं तो पुन्हा वाचला. एकही ओळ ओळखीची वाटली नाही. त्या वसंतात तिचा तक्ता छापून यायचा होता, आणि तो सगळा कुटलेल्या गाठींवरून बनवलेला होता. गाठीत दुसऱ्या माणसाच्या पेशी असतात असं ठरलं असतं, तर त्या तक्त्यातली प्रत्येक संख्या पुन्हा मोजावी लागली असती. आपण हे समजून केलं, की न वाचताच उघडून बंद केलं? ती आठवायचा प्रयत्न करी, आणि दर वेळी वेगळीच दुपार आठवे. एकदा आठवलं की ती त्या दिवशी रजेवर होती. तेही तपासलं, नव्हती.

त्या आठवड्यात आईच्या हृदयाची चाचणी झाली. वडिलांकडच्या खुणेला चिकटणारं सौम्य किरणोत्सारी द्रव्य शिरेतून सोडलं आणि छातीचं चित्र घेतलं. फुप्फुसातली कड उजळली, ते अपेक्षितच होतं. पण त्याहून ठळक उजळली ती हृदयाची डावी भिंत. सहा वर्षांपूर्वी जी कायमची गेली म्हणून सांगितलं होतं, तीच.

बोरवणकरांनी चित्र दोनदा उघडून बघितलं. शिकवलेल्या रक्षक पेशी आत सोडल्या, की त्या फुप्फुस आणि हृदय असा भेद करणार नव्हत्या. खूण दिसेल तिथे मारणार होत्या. भिंत टिकेल का, हे विचारल्यावर ते म्हणाले की टिकेलही. मग म्हणाले, आपण नेमकं काय विझवतोय हे मला आता सांगता येत नाही.

केतकीनं आईला चित्र दाखवलं. आईनं चष्मा पुसून ते लांब धरलं.

"मला एवढंच सांग. या कामाच्या आहेत, का त्रासाच्या?"

"दोन्ही असतील, आई. मला खरंच माहीत नाही."

"मग तुझ्यासारख्याच आहेत," आई म्हणाली आणि चित्र परत दिलं. "राहू देत."

"गाठ वाढली तर?"

"तर वाढेल. तू जवळ आहेस ना?"

केतकी हो म्हणाली. जवळ म्हणजे घरात की छातीत, हे तिनं विचारलं नाही. त्या उपचाराला दोघींनी नकार लिहून दिला. आईला साधे किरणोपचार आणि गोळ्या सुरू झाल्या, गाठीपुरत्या, जपून.

त्यानंतर केतकीनं आयुष्यातलं सगळ्यात छोटं शास्त्रीय लिखाण केलं. संग्राम साळोखे यांचे नमुने दूषित नव्हते. त्यांचा लेख मागे घेणं चूक होतं. पत्र पाठवण्याच्या आदल्या दिवशी खरं काय ते दाखवणारा अहवाल माझ्याकडे होता. तो मी वाचला होता की नाही, हे मला आठवत नाही, आणि आठवलं तरी त्यानं फरक पडत नाही.

पत्र छापून आलं आणि महिन्याभरात संचालकपद गेलं. ते एक परवडलं असतं. पण गावोगावचे डॉक्टर फोन करू लागले. तक्ता बघून पंधरा वर्षं औषधं दिली, ती बरोबर होती का? नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी शांतपणे एका रोग्याचं नाव सांगितलं आणि विचारलं, हिचं काय? केतकीनं ते नाव लिहून घेतलं. बहुतेक आकडे टिकतील असं तिला वाटत होतं. पण वाटण्यावर आता तिचाच भरवसा राहिला नव्हता. रेवतीनं सगळे जुने नमुने यंत्रातून पुन्हा वाचायला घेतले. त्याला तीन वर्षं लागणार होती.

साळोखेचा फक्त एक निरोप आला. पत्र वाचलं. त्या नऊ जणींना भेटायला कधी निघायचं?

निघायला सव्वा वर्ष गेलं. परवानग्या, नवी समिती, आणि आई. आईची गाठ या काळात वाढली नाही आणि लहानही झाली नाही. बोरवणकर त्याचं श्रेय किरणांना देत होते. साळोखेला वेगळं वाटत होतं, पण तो ते बोलून दाखवत नसे. आई पुन्हा साताऱ्याला जायचं म्हणत होती.

पहिलं घर मुरगूडजवळ होतं. सुमन तोडकर, वय एकाहत्तर. वीस वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. अंगणात पाण्याचा पाइप सोडून त्या जास्वंदीला पाणी घालत होत्या. साळोखेला बघून त्यांनी पाइप टाकला, साडीला हात पुसले आणि दोघांना आत घेऊन गेल्या. फोनवरचा हा माणूस त्यांना माहीत होता. केतकी कोण, हे त्यानं सांगितलं. केतकीनं स्वतःहून पुढचंही सांगितलं, की हे काम एकोणीस वर्षं अडलं ते माझ्यामुळे. सुमनबाईंनी ते ऐकून घेतलं आणि चहा ओतला.

त्यांच्या अंगात एका मुलाच्या पेशी असाव्यात, हे साळोखेनं त्यांना कोल्हापुरी बोलीत अगदी सोपं करून सांगितलं. त्यांनी दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

"मला चार मुलगे हायत," त्या म्हणाल्या. "ह्या कुणाच्या म्हणायच्या?"

केतकीनं सांगितलं, की चौघांची थोडी थोडी थुंकी मिळाली, तर नाव कळू शकेल. त्यासाठी एक फॉर्म होता. त्यात दोन चौकोन होते: निष्कर्ष कळवावा, निष्कर्ष कळवू नये. यांतलं काय हवं, असं तिनं विचारलं.

सुमनबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. चार पोरं एका ट्रॅक्टरवर बसलेली होती.

"तिसऱ्यानं नऊ वर्सं झाली बोलनं टाकलंय," त्या म्हणाल्या. "थुंकी देईल त्यो, डॉक्टरकडनं मागिटली तर. त्याचं नाव निघालं तर मला सांगा. दुसऱ्या कुणाचं निघालं तर काय बी सांगू नका."

केतकी म्हणाली की असं करता येणार नाही. आम्ही काही सांगितलं नाही, तर ते तिसऱ्याचं नव्हतं, हे तुम्हाला आपोआपच कळेल.

"कळू दे की. पर तुमच्या तोंडनं नको. मी म्हनीन, इसरल्या असतील डॉक्टरबाई."

ही माहिती कोणत्या रकान्यात बसते, उद्या समिती काय म्हणेल, आणि हे विज्ञान आहे की दुसरंच काही, यातलं केतकीला काहीच ठरवता येईना. तिनं दोन्ही चौकोन मोकळे ठेवले. फॉर्म उलटा केला, आणि पाठच्या कोऱ्या बाजूला सुमनबाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, त्यांना प्रत्येक ओळ वाचून दाखवत, लिहून घ्यायला लागली.